मास्तरांच्या खांद्याचे गठ्ठे

माझ्या ताईचे यजमान शिंपी आहेत. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, मी दाजी म्हणतो, आणि ताई 'अहो' म्हणून सुरुवात करते खरी, पण पुढे जे बोलते ते छापण्यासारखं नसतं. माझं औषधांचं दुकान त्यांच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की मी शटर अर्ध्यावर ओढतो आणि त्यांच्याकडे चहाला जाऊन बसतो. इतकी वर्षं बसलो, पण साधा टाका घालायला शिकलो नाही. दाजींना ओळखायला मात्र शिकलो.

हा माणूस जगाकडे इंचांत बघतो. गल्लीत नवीन दंतवैद्य आला तेव्हा मी विचारलं, "कसा वाटतो हो माणूस?" दाजी म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय." झालं, संपली चौकशी. माणूस गुणी की अवगुणी हे टेपवर दिसत नाही, म्हणून दाजी त्या भानगडीत पडत नाहीत. 'चांगलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ताईने जीव ओतून स्वयंपाक केला तरी "मीठ बेताचं आहे" इथपर्यंतच त्यांची धाव. ताई सांगते, लग्न ठरवताना तिच्याकडे पहिल्यांदा बघून ते एवढंच म्हणाले होते, "बाही ओढतेय." आणि त्यांचं बरोबर होतं, असंही ती पुढे सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना सैल कपड्याचा तिटकारा. पोराला घेऊन एखादी आई यायची आणि म्हणायची, "मास्तर, जरा वाढत्या अंगाचं शिवा, दोन वर्षं तरी गेलं पाहिजे." दाजी टेप गळ्यात टाकून म्हणायचे, "अंग वाढलं की या. आज आहे त्या अंगाचं आज शिवतो." गिऱ्हाईक रागावून बाहेर पडायचं, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, कारण दाजींसारखा खांदा बसवणारा त्या बाजारात दुसरा नव्हता.

तिसरी गोष्ट गठ्ठ्याची. सगळं रामायण तिथूनच घडलं, म्हणून जरा नीट सांगतो. दाजींचं मुख्य काम हॉटेलांच्या वेटरांचे कोट. आता तीसेक कोट शिवायचे तर कोणी एकेक कोट पुरा करत बसत नाही. आधी सगळ्या बाह्या कापायच्या, त्यांचा गठ्ठा. मग सगळ्या कॉलर, त्यांचा गठ्ठा. मग सगळे खिसे. शेवटी सगळी काजं आणि बटणं, ते ताईचं खातं. एक काम हातात धरलं की ते सगळ्यांचं उरकूनच खाली ठेवायचं, हा दाजींचा धर्म. तो दुकानात ठीक आहे, पण दाजी तो घरीही पाळतात. घरातला एक दिवा गेला की ते सगळे दिवे बदलतात, चांगले चालू असलेलेसुद्धा. ताईशी भांडायचं तरी महिन्याची भांडणं एकाच रविवारी काढतात. ताई म्हणते, त्यात एक सोय आहे, बाकीचे रविवार मोकळे मिळतात.

आता त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची. लहानपणी ती कापायच्या टेबलाखाली बटणांचा डबा घेऊन बसायची, म्हणून तिचं नाव बटण पडलं. दाजींनी तिला सगळं शिकवलं. टेबलावर कापड कसं पसरायचं, खडूची रेघ कुठे सोडायची, इस्त्रीनंतर हात कसा आवरायचा. मोठी कात्री एक दिवस हिच्या हातात द्यायची हे त्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. फक्त बटणला विचारायचं तेवढं राहिलं. बटणने वेगळंच काढलं. ती दुसऱ्या गावी जाऊन व्यायामशाळेत ट्रेनर झाली. लोकांकडून व्यायाम करून घ्यायचा, तोच धंदा.

ज्या दिवशी तिने हे सांगितलं त्या दिवशी मी चहाला हजर होतो, माझं नशीब. दाजी म्हणाले, "लोखंड उचलायचं आणि परत तिथेच ठेवायचं. हा काय धंदा झाला?"

बटण म्हणाली, "चांगलं अखंड कापड कापायचं आणि परत जोडत बसायचं. तो तरी काय धंदा, बाबा?"

मला हसू आलं आणि ते मी चहाबरोबर गिळलं. दाजींना नाही आलं. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं ताईमार्फत सुरू झालं. फोन स्पीकरवर असायचा, दोघांना एकमेकांचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा, तरी दाजी म्हणायचे, "तिला विचार, जेवते का वेळेवर?" आणि पलीकडून यायचं, "त्यांना सांग, जेवते." ताई मध्ये खुर्चीवर बसून काज करत राहायची. निरोप पोहोचवायची तिला गरजच नसायची.

आणि मग दाजींचा उजवा खांदा आखडला.

सुरुवातीला वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना कळ यायची. माझ्याकडून मलम नेलं. मग बिनमलमाचं दुखायला लागलं. मग हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. टेप गळ्यात टाकायलासुद्धा ताई लागायला लागली. सगळ्यात गंमत माप घेताना व्हायची. छातीचं माप घ्यायचं म्हणजे दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या पाठीमागून फिरवून टेप पुढे आणायची. उजवा हात तिथवर पोहोचेना. मग दाजी टेपचं टोक गिऱ्हाइकाच्या छातीवर धरायचे आणि म्हणायचे, "फिरा." आणि तो बिचारा स्वतःभोवती गोल फिरून टेपमध्ये गुंडाळला जायचा. एकदा एक जाडजूड वकील असा फिरता फिरता भोवळ येऊन माझ्या मांडीवर बसला. मी हसलो, वकील हसला, ताईसुद्धा हसली. दाजी हसले नाहीत. ते टेपकडे बघत होते.

कारण खरी अडचण मापाची नव्हती, कात्रीची होती. कोट कापायचा तर टेबलावर पार पलीकडे ओणवं होऊन हात लांब न्यावा लागतो, आणि एका दमात कात्री चालवावी लागते. मध्ये हात अडला की कापडाला दात पडतात. दोन कोट तसे वाया गेल्यावर दाजींनी कात्री मिटून ठेवली आणि बाहेरच्या एका कापणाऱ्याला बोलावलं. त्याने कापलेला खांदा बघून त्यांना जेवण गेलं नाही.

शेजारी तयार कपड्यांचं मोठं दुकान आहे. त्या शेठजींची दाजींच्या जागेवर पहिल्यापासून नजर. ते येऊन गोड बोलून गेले, "मास्तर, आता आराम करा. जागा आम्ही घेतो, टेबलसुद्धा घेतो, चपला मांडायला बरं पडेल." त्या टेबलावर चपला! दाजींनी त्यांना हाकलून दिलं. पण ते गेल्यावर ताईला म्हणाले, "हात वर गेला नाही तर दुसरं करणार तरी काय? न कापणारा शिंपी म्हणजे इस्त्रीवाला." ताईने काज अर्धवट टाकलं आणि आत गेली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खांदा सुटेल, पण व्यायामाने, आणि रोजच्या रोज. कोणते व्यायाम करायचे तेही दाखवलं. दाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन एकही केला नाही. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर मशीन चालवली, आता आणखी व्यायाम कसला? पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ताईने काजांचं काम बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने बटणला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

बटणने डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि दाजींच्या फोनमध्ये एक ॲप घालायला मला सांगितलं. तिकडे ती तिच्या गिऱ्हाइकांचे व्यायाम त्याच ॲपमध्ये मांडते. दाजींचेही तिने मांडले होते. एकटे एकटे नाही, जोड्या लावून. आधी हात सैल सोडून झुलवायचा आणि गोल फिरवायचा, हा एक गट. मग भिंतीवर बोटांनी वर चढायचं आणि लगेच काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर न्यायची, हा दुसरा. या दोघांची जोडी एकदा झाली की एक फेरी, अशा तीन फेऱ्या, आणि मध्ये दीड मिनिट विश्रांती. मग पाठीमागून टॉवेल ओढायचा आणि रबरी पट्टा ताणायचा, ही तिसरी जोडी. शेवटी शेक. झालं की हिरवी खूण करायची, ती तिकडे बटणला दिसणार.

मी हे समजावून सांगताना दाजी तोंड वाकडं करून ऐकत होते. पण गट बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. चष्मा पुसून घालून त्यांनी फोन हातात घेतला. "हे गठ्ठे आहेत," ते म्हणाले.

"सेट म्हणतात त्याला."

"म्हणू देत. गठ्ठेच आहेत." आणि त्यांनी एका गठ्ठ्यावर बोट ठेवून ओढलं, तर तो खाली सरकला. बटणने त्यात फेरफार करायची मुभा ठेवली होती, 'सोयीने मागेपुढे करा' म्हणून. ही तिची चूक. हपापलेल्या माणसाला कोठाराची किल्ली दिली.

पहिल्या दिवशी दाजींनी व्यायाम केलाच नाही, नुसती नावं बदलली. 'वॉर्म-अप' काढून तिथे 'कच्चा टाका'. भिंत आणि काठीच्या जोडीला 'बाही'. टॉवेलवाल्या जोडीला 'पाठ'. शेकाला अर्थातच 'इस्त्री'. त्यांना टाइप करायला डावं एकच बोट, त्यामुळे दुपार गेली. तिकडून बटणने काही कळवलं नाही. नावं मात्र तशीच राहू दिली.

पुढचे चार दिवस सुरळीत गेले. भिंतीवर बोटं चढायची, काठी वर जायची, ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणायची, "आता विश्रांती घ्या." दाजींना ते खपत नव्हतं. "ही कोण मला बसवणारी? कारागीर बसला की हात थंड पडतो." ताई म्हणाली, "मी इतकी वर्षं बसा म्हणतेय, ते ऐकलं नाही, तिचं तरी ऐका."

आणि मग दाजींमधला शिंपी जागा झाला. मला तो दिवस पक्का आठवतो, कारण मी गेलो तेव्हा ते एकदम खुशीत होते. फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, "मेहुणे, पोरीने मांडणी केलीय, पण हिला घाऊक काम ठाऊक नाही. बघा, रोज थोडी भिंत, रोज थोडी काठी, रोज थोडा टॉवेल. रोज सगळं काढायचं, रोज सगळं ठेवायचं. याला काय अर्थ आहे? आठवड्याच्या सगळ्या भिंती सोमवारी उरकल्या, सगळ्या काठ्या मंगळवारी, सगळे टॉवेल बुधवारी, की गुरुवारपासून मोकळं!"

खरंच त्यांनी तसे गठ्ठे बांधले होते. सोमवार: भिंत, एकवीस. आणि मधली विश्रांती काढून टाकलेली. ॲप बिचारं यंत्र, जे सांगाल ते मांडून देतं. मला औषधांतलं कळतं, म्हणून मी म्हणालो, "दाजी, आठवड्याच्या गोळ्या एकदम घेतल्या तर काय होईल?" ते म्हणाले, "गोळ्या वेगळ्या. हे काम आहे." मी चहा प्यायलो आणि निघून आलो. त्यांच्याशी वाद घालायचा तर रविवार लागतो.

सोमवारी भिंत झाली. मंगळवारी काठी झाली. हिरव्या खुणाच खुणा. तिकडे बटणला वाटलं ॲप बिघडलं. बुधवारी सकाळी टॉवेलचा गठ्ठा उघडायच्या आत दाजींच्या हातून चहाचा कप सुटला. खांदा तापला होता, सुजला होता आणि हात आधी जेवढा उठत होता तेवढाही उठत नव्हता. डॉक्टर त्यांच्यावर असे काही भडकले की मला शेजारच्या खोलीत ऐकू आलं. पंधरा दिवस सगळं बंद, नुसता शेक. मग बघू, एवढंच ते म्हणाले.

दाजी दुकानात येऊन टेबलाजवळ बसले. ते घाबरले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. बराच वेळ गेल्यावर ते उठले आणि शेजारी जाऊन शेठजींना म्हणाले, "जागा मापून घ्या."

शेठजी टेप घेऊनच आले. दुकानाचा दर्शनी भाग मापला, आत आले, टेबलाची लांबी मापायला लागले. दाजी खुर्चीवर बसून बघत होते. मला वाटलं आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. तर ते म्हणाले, "टेप ढिली धरलीय तुम्ही. ताणा. एक बोट फरक पडतोय."

इतक्यात फोन वाजला. ताईने आत जाऊन बटणला काय सांगितलं असेल ते सांगायला नको. ताईने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सवयीने काज उचललं.

"आई, फोन त्यांच्या हातात दे," बटण म्हणाली.

ताईने दाजींकडे पाहिलं. दाजींनी फोनकडे पाहिलं. शेठजी टेपचं टोक धरून अवघडून उभे राहिले. शेवटी दाजींनी डाव्या हाताने फोन उचलला.

"बाबा, कोटाच्या कॉलरला इस्त्री किती वेळ ठेवायची?"

दाजींना वाटलं होतं ती रागावेल. हा प्रश्न त्यांच्या खात्यातला निघाला. "दाबायची आणि उचलायची," ते म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

"आणि सात दिवसांची इस्त्री एकाच दिवशी त्याच जागी दाबून धरली तर? एकदाच उरकून टाकू म्हणून?"

"जळेल."

"आणि उचलल्यावर लगेच कोट हलवायचा का?"

"नाही." दाजींचा आवाज उतरला. "थंड होऊ द्यायचा. गरम हलवला तर घातलेली घडी मोडते."

"मग ती बाई दीड मिनिट बसा म्हणते ते कशासाठी म्हणते? तुम्हीच शिकवलंत मला. इस्त्रीनंतर हात आवर, म्हणून माझ्या बोटांवर मापाची पट्टी मारायचात. मी माझ्या सगळ्या माणसांना तेच सांगते. नाव फक्त माझं असतं." मग म्हणाली, "तुमच्याकडे तीस कोट नाहीयेत, बाबा. एकच कोट आहे. रोज घालून बघायचा आणि रोज थोडा सोडायचा."

दाजींना इतकी वर्षं वाटत होतं की पोरीने सगळं टाकलं, कात्री टाकली, टेबल टाकलं, बापाने शिकवलेलं सगळं उंबऱ्यात झटकून गेली. आणि ती तर त्यांचीच इस्त्री घेऊन गेली होती. त्यांना हे केवढं लागलं, ते मला दिसलं, कारण ते खिशात चष्मा शोधायला लागले आणि चष्मा डोळ्यांवरच होता.

"पंधरा दिवस बंद आहे," शेवटी ते म्हणाले. तिला म्हणाले, ताईला नाही.

"माहीत आहे. सोळाव्या दिवसापासून नवीन गठ्ठे लावते."

गठ्ठे म्हणाली ती. सेट नाही म्हणाली.

दाजींनी फोन ठेवला आणि शेठजींना म्हणाले, "टेबल ठेवा तिथेच. अजून ठरलेलं नाही." शेठजी टेप गुंडाळून गेले. तीसुद्धा उलटी गुंडाळली होती, असं दाजी मागाहून मला दोनदा म्हणाले.

पुढच्या चार महिन्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही, आणि तेच त्यात बरं होतं. रोज कच्चा टाका, रोज बाही, रोज पाठ, रोज इस्त्री. बाई बसा म्हणाली की दाजी खुर्चीत बसायचे आणि शिस्तीत भिंतीकडे बघायचे. मी बोलायला गेलो तर बोट वर करायचे, "थंड होतोय." भिंतीवर बोटांचे डाग हळूहळू वर सरकत गेले. ताईने ते पुसले नाहीत, आणि ही तीच ताई, जिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून बसते. बटणने मध्येच मलाही त्या ॲपमध्ये ओढलं आणि माझ्या पोटासाठी काही गट मांडून दिले. त्याविषयी मी इथे बोलणार नाही, माझं पोट हा या गोष्टीचा विषय नाही.

दाजींची खोड मात्र गेली असं समजू नका. त्यांनी एकदा 'पाठ' आणि 'बाही' यांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी बटणने परत जागेवर आणली. त्यांनी पुन्हा हलवली. तिने पुन्हा आणली आणि खाली लिहिलं, 'बाही आधी, मग पाठ. कोटाला चालत असेल, खांद्याला नाही.' दाजींनी वाचलं आणि मला म्हणाले, "हट्टी आहे." मी म्हणालो, "कोणावर गेलीय कोण जाणे." यावर त्यांनी मला बिनसाखरेचा चहा दिला.

शेठजी अधूनमधून डोकावायचे. दाजी म्हणायचे, "अजून ठरलेलं नाही." कात्री मात्र अजूनही मिटलेलीच होती. टेबलापलीकडे हात जातो की नाही हे ते आजमावतच नव्हते. ताईने सुचवलं तर अंगावर यायचे. मला कारण कळत होतं. न आजमावलेला हात जातही असेल, आजमावलेला गेला नाही तर मग शेठजी.

मग एक दिवस बटण आली. सांगून नाही, दुपारच्या गाडीने, खांद्यावर पिशवी टाकून सरळ दुकानात. मी चहाला होतोच. दारातून आत येताना ती दारभर दिसली. बापाने नुसतं वर बघितलं आणि म्हणाले, "शर्ट पाठीत ओढतोय."

"तयार मिळालेला आहे," ती म्हणाली. "माझ्या मापाचे मिळत नाहीत. खांद्यात बसला तर कमरेत पोतं होतं."

तिने पिशवी ठेवली, हात धुतले आणि दाजींच्या मागे उभी राहून त्यांचा उजवा हात धरून सावकाश वर नेला. कानापर्यंत आला. तिथून थोडा पुढे गेला. दाजींचे ओठ आवळलेले. "बास," ती म्हणाली. "आता जेवढा गेला तेवढा तुमचा आहे. कात्री धरून बघा."

"नंतर बघू."

"बाबा."

"नंतर म्हटलं ना." आणि ते उठून उगाच खडू शोधायला लागले. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी कपात पाहिलं. ते खडू शोधत शोधत टेबलाला वळसा घालून आले आणि बटणच्या समोर थांबले. तिच्या शर्टाकडे बघत राहिले. ओढलेली शिवण डोळ्यांसमोर असताना गप्प बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी खुंटीवरची टेप काढली. वरच्या खुंटीवरची, उजव्या हाताने. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आमच्या तिघांच्या आलं.

"उभी राहा," ते म्हणाले.

बटण उभी राहिली. त्यांनी टेपचं टोक धरलं. वकिलाची गोष्ट ताईने तिला सांगितलेली होती, म्हणून ती आपणहून गोल फिरायला लागली.

"फिरू नकोस," दाजी म्हणाले. "मी घेतो."

आणि त्यांनी दोन्ही हात तिच्या पाठीमागून नेले. उजवा हात मध्ये जरा अडखळला, थांबला, मग पुढे गेला. टेप पाठीमागे मिळाली आणि पुढे आली. माप घ्यायला एवढा वेळ लागत नाही. पण दाजी तसेच उभे राहिले, लेकीभोवती हात टाकून, आणि लेकही हलली नाही. माप चाललं होतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

"लिही," ते ताईला म्हणाले. ताईने कानावरची पेन्सिल काढली. छाती सांगितली, कंबर सांगितली, बाही सांगितली. मग ते मागे गेले आणि तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप धरली. तिच्या शेवटच्या कोटाचं माप त्यांना पाठ होतं. ती घर सोडून गेली तेव्हाचा कोट. टेप त्या आकड्याच्या बरीच पुढे गेली होती. ते एका बोटाने तिच्या खांद्याची कड चाचपत राहिले.

"खांदा?" ताईने विचारलं.

दाजींनी टेप पुन्हा एकदा खांद्यावर लावून बघितली.

"अहो, खांदा किती?"

"चांगला आहे," दाजी म्हणाले.

ताईची पेन्सिल थांबली. "आकडा सांगा. 'चांगला' काय लिहू?"

"तेच लिही."

बटणने मान वळवली नाही. कापडाच्या फळीकडे बघत म्हणाली, "लोखंड उचलून परत तिथेच ठेवलं की होतो असा."

"कळलं," दाजी म्हणाले. "टेबलाचं ते टोक धर. कापड सरळ नाहीये."

आणि त्यांनी मोठी कात्री उघडली. गडद निळं कापड होतं, त्यांनी कुणासाठी तरी राखून ठेवलेलं. पलीकडे ओणवे झाले. कात्री निघाली ती मध्ये कुठेही न थांबता टोकापर्यंत गेली, अगदी बटणच्या बोटांपाशी. ताई आत चहा ठेवायला गेली. चहा तर आत्ताच झाला होता.

कोट दोन दिवसांत तयार झाला. घाऊक नाही, एकटा. बटणने घातला, आरशासमोर उभी राहिली. बाही बरोबर, पाठ बरोबर, कंबर बरोबर. खांद्यात मात्र चांगला अर्धा इंच सैल. लिहिलेलाच नव्हता तो आकडा, अंदाजाने कापला. दाजींच्या हातून सैल खांदा गेलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. असा मोका मी सोडतो होय?

"दाजी," मी म्हणालो, "अर्धा इंच ढगळ आहे. उसवा."

दाजींनी खांद्यावरून हात फिरवला. तिशीला आलेली त्यांची लेक, त्या व्यायामशाळेत दहा माणसांना घाम फोडणारी, आरशात त्यांच्याकडे बघत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "वाढत्या अंगाची आहे ती."